उरलेले ८७५९ तास : मधुमेहींच्या सोबतीसाठी सुलभक घडवताना

आजचा विषय आहे मधुमेहाचं स्वव्यवस्थापन आणि त्यासाठी लागणाऱ्या सुलभकांचं प्रशिक्षण. 'स्वव्यवस्थापन' हा शब्द जरा जड आहे, म्हणून आधी एक साधा हिशेब करू.

वर्षात ८७६० तास असतात. मधुमेह असलेला माणूस दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेला आणि दर वेळी पंधरा मिनिटं मिळाली, तर वर्षाचा एक तास झाला. गर्दीच्या ओपीडीत तेवढीही मिळत नाहीत. उरलेले ८७५९ तास तो माणूस आणि त्याची शुगर. भाकरी एक की दोन, गोळी जेवणाआधी की नंतर, हातपाय थरथरायला लागले तर काय करायचं, पायाला फोड आला तर वाट बघायची की दाखवायचं, हे सगळे निर्णय घरात, शेतात, कंपनीत होतात. म्हणजे स्वव्यवस्थापन आपण शिकवलं तरच सुरू होतं असं नाही. ते चालूच आहे. ते कसं चालावं, यात सुलभकाची मदत होते.

आकडा किती मोठा आहे तेही लक्षात घ्या. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना डॉक्टर एकटे पुरणार नाहीत. मधे कुणीतरी हवं. ती आशाताई असेल, परिचारिका असेल, आरोग्य केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी असतील किंवा स्वतः मधुमेह सांभाळणारा शेजारी असेल.

शेजारी म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतात. पण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घकालीन आजारांसाठी जो कार्यक्रम उभा केला, तो याच पायावर आहे. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि गट चालवायला दोन प्रशिक्षित व्यक्ती. त्यातला एक किंवा दोघेही स्वतः असा आजार असलेले सामान्य लोक. आपल्या शहरातही डॉ. अर्चना सारडा यांनी सुरू केलेली 'उडान' ही संस्था टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करते. या मुलांचा विचार केला की मुद्दा लगेच पटतो. मुलाला इन्शुलिन किती आणि कधी, हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आई घेते. तिला निर्णय घ्यायला शिकवणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. आम्ही पहिल्या दिवशी मधुमेहाची माहिती फार देत नाही. आधी दोघा-दोघांना समोरासमोर बसवून संवाद करायला लावतो. जवळपास दर वेळी असं होतं :

"काकू, भात बंद करा, गोड बंद करा, रोज अर्धा तास चाला."

"बरं ताई."

या 'बरं ताई'पासून सावध राहायला शिकवणं, हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. काकूंनी मान डोलावली, बोलणं संपलं, आणि काकूंची खरी अडचण काय हे कुणालाच कळलं नाही. मग आम्ही सांगतो, पुन्हा करा, पण सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. "काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" "या शुगरपायी तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" उत्तरं वेगळीच येतात. कुणाला रात्री चार वेळा उठावं लागतं. कुणाला सून वेगळा स्वयंपाक करते याचा संकोच वाटतो. कुणाला तपासणीच्या पट्ट्या परवडत नाहीत.

दुसरी पायरी छोट्या बेताची. 'व्यायाम करीन' हा बेत नव्हे. 'येत्या आठवड्यात चार दिवस, संध्याकाळी जेवणानंतर, गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या' हा बेत. मग विचारायचं, "हे जमेल याची खात्री दहापैकी किती?" सातच्या खाली आकडा आला तर माणूस आळशी नाही, बेत मोठा आहे. तो लहान करायचा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातल्या बाईचं फिरणं बुडणारच. हे धरूनच बेत केला तर तो टिकतो.

तिसरी पायरी म्हणजे इथलं जगणं. पुस्तकातला आहारतक्ता वाळूजच्या कामगाराला लागू पडत नाही, कारण त्याची पाळी दर थोड्या दिवसांनी बदलते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण लांबलं, तर शुगर खाली जाते. मशीनपुढे उभ्या माणसाला ते धोक्याचं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी 'हलकी' म्हणून खाल्ली जाते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढतच नाही, हाही समज आहे. भाकरी चांगली, पण किती खाल्ल्या हे मोजावं लागतंच. रमजानमध्ये 'रोजा धरू नका' एवढंच सांगून चालत नाही. रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलायला लावायचं, रोज्यात शुगर तपासता येते हे सांगायचं, आणि ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा हे आधीच ठरवून घ्यायचं. मे महिन्यात पारा चाळीशीपार जातो. घरात फ्रिज नसेल तर इन्शुलिन कोरड्या पिशवीत घालून ओल्या वाळूवरच्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवायचं.

पट्ट्या महाग असतील तर दोनच पट्ट्यांत शिकता येतं. एक जेवणाआधी, एक दोन तासांनी. कुठल्या जेवणाने आकडा किती चढला हे माणूस स्वतःच बघतो. आमच्या दहा वाक्यांपेक्षा तो आकडा त्याला जास्त पटतो.

चौथी पायरी मर्यादेची. इथे आम्ही कडक असतो. सुलभकाने गोळीचा किंवा इन्शुलिनचा डोस बदलायचा नाही, बंद तर कधीच करायला सांगायचं नाही. कारल्याचा रस, मेथीदाणे यांची चेष्टा करू नये. चेष्टा केली की लोक पुढच्या वेळी लपवतात. पण टाइप १ मधुमेहात कुणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन थांबलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगायचं. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणं आली आणि शुगर ७०च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. पायाची जखम दुखत नाही म्हणून ती साधी असं समजायचं नाही. मधुमेहात संवेदना गेल्यामुळेच ती दुखत नसते. अशी जखम त्याच दिवशी दाखवायची. हे चार-पाच प्रसंग सुलभकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

शेवटची पायरी पडताळणीची. "समजलं का?" असं विचारलं की उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते बघू. घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" इन्शुलिनचं असेल तर हातात पेन देऊन करून दाखवायला सांगायचं.

प्रशिक्षण झाल्यावर आम्ही लेखी गुण देत नाही. एका खऱ्या गटात बसतो आणि दोन गोष्टी बघतो. जास्त कोण बोललं, आणि उठताना बेत कुणाच्या तोंडून आला. बेत सुलभकाच्याच तोंडून आला, तर त्याला पुन्हा सरावाला बसवतो. त्यानंतर महिन्यातून एकदा सगळे सुलभक एकत्र येतात, कारण अवघड माणसं आणि अवघड प्रश्न प्रशिक्षणानंतरच भेटतात. ज्यांना आपल्या वस्तीत असा गट सुरू करायचा आहे, त्यांनी आठ-दहा लोकांपासून सुरुवात करावी. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी भेटून, कुणाला कधी त्यांच्याकडे पाठवायचं हे लेखी ठरवून घ्यावं, आणि मगच पहिली बैठक बोलवावी.