वक्तृत्व स्पर्धेतील परीक्षण आणि रचनात्मक अभिप्राय

महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेचा समारोप बहुधा ठरलेला असतो. परीक्षक मनोगत व्यक्त करतात, तीन क्रमांक जाहीर होतात आणि उरलेले स्पर्धक आपले कोठे चुकले हे न कळताच परततात. (स्पर्धकांना वेळेची मर्यादा असते, मनोगताला ती सहसा नसते.) न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वाची परंपरा इतकी जुनी असूनही वक्त्याला अभिप्राय कसा द्यावा, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबादेत महाविद्यालय स्थापन केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यामुळे मराठवाड्यातील वंचित समाजाला उच्च शिक्षणाचे दार खुले झाले. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी आजही येथील व्यासपीठावर उभा राहतो आणि त्याची बोली त्याच्यासोबत येते. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले की 'उच्चार' या रकान्यातील गुण कमी होतात. तोच दोष भर सभागृहात सांगितला गेला, तर पुढील वर्षी तो नाव नोंदविण्यास धजत नाही. त्याचा मुद्दा बिनतोड होता की नाही, हे अनुत्तरितच राहते.

क्लुगर व डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये ६०७ परिणामांचे एकत्रित विश्लेषण केले. अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारली. मात्र एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत ती घसरली. लक्ष कामावरून व्यक्तीकडे वळले की अभिप्रायाची परिणामकारकता कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने 'छान बोललास' ही स्तुतीही निरुपयोगीच म्हणावी लागेल. याउलट, दुष्काळावर बोललेल्या विद्यार्थ्यास 'गावच्या विहिरीचा प्रसंग तू शेवटी सांगितलास; तो आरंभी घेतला असतास तर पुढील आकडेवारी श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकली असती' असे सांगितले, तर त्याच्या हाती काही पडते.

अमेरिकेत १९२४ मध्ये सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सच्या सभांत मूल्यमापक दोन-तीन मिनिटेच बोलतो आणि त्याच्याही मूल्यमापनाचे मूल्यमापन होते. आपल्या परीक्षकांना हे कितपत रुचेल, हा भाग वेगळा. परंतु प्रत्येक स्पर्धकास गुणांसोबत दोन वाक्यांची चिठ्ठी देणे कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे. उच्चाराविषयीची सूचना एकांतात द्यावी. तीही श्रोत्याला अर्थच कळला नसेल तेव्हा.