चालत्या दप्तराचे स्थलांतर

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईवर कोसळलेला पाऊस ज्यांनी अनुभवला, त्यांना अडयार नदीचे ते रूप विसरणे कठीण आहे. अशा वेळी तळमजल्यावरील संगणकाला पाण्याने गाठले, तर चालू कामकाज न थांबवता ते दुसऱ्या इमारतीत कसे न्यावे?

यंत्र उचलावे लागत नाही. हल्ली एका संगणकाच्या पोटात प्रोग्रामने उभे केलेले आभासी संगणक चालतात. त्यांची स्मृती तेवढी तारेवरून नव्या जागी धाडायची. ही स्मृती बहुधा ४,०९६ बाइटांच्या पृष्ठांत विभागलेली असते. आठ गिगाबाइटांची पृष्ठे होतात २०,९७,१५२! दप्तर हलवत असताना कारकून मात्र लिहीतच असतो. धाडलेली पृष्ठे मागाहून बदलतात, ती पुन्हा धाडावी लागतात. आणि बदलण्याचा वेग धाडण्याच्या वेगाहून वाढला, तर हे स्थलांतर संपतच नाही.

म्हणून ओझे हलके करावे लागते. कोऱ्या पृष्ठाऐवजी नुसती खूण धाडली की भागते. लिहिलेल्या पृष्ठांसाठी ‘क्येमू’ या मुक्त प्रणालीत दोन उपाय होते : मजकूर दाबून आटोपशीर करणे, किंवा जुन्या प्रतीशी ताडून केवळ फरक धाडणे. पहिल्या फेरीत ताडायला जुनी प्रतच नसते. तेव्हा दोन्ही उपाय योजले असतील, तर आरंभी पहिला आणि पुढे दुसरा, असा क्रम ठरला.

हा क्रम पाळण्यासाठी दर पृष्ठामागे दोन प्रश्न विचारले जात : ही पहिलीच फेरी आहे काय? फरकाची पद्धत योजली आहे काय? तपासणीवर तपासणी चढवण्याची हौस केवळ आम्हा सरकारी खात्यांनाच असते असे नाही! पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की, पहिली फेरी संपताच ‘फरकाची पद्धत सुरू झाली’ अशी एकदाच नोंद करावी आणि पृष्ठागणिक तेवढीच पाहावी. यात वाचलेला वेळ क्षुल्लक. खरा लाभ तो प्रोग्राम वाचणाऱ्याचा. दोन अटींच्या गुंत्यात चूक लपते, आणि भलत्याच प्रतीवर फरक चढला तर नव्या जागी जागा झालेला संगणक निमूटपणे चुकीचे आकडे सांगू लागतो.

दाबून धाडण्याची ती पद्धत प्रत्यक्षात बेभरवशाची ठरली. २०२४ साली आलेल्या ९.१ या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली, आणि तिच्याबरोबर ती तपासणीही.