शाळेत आलेली आजी आणि तायकिळ्याची जुडी

जुलैत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नुसता पाऊस. वाळपईच्या बाजारात छत्र्यांच्या गर्दीतून नातवाचं बोट धरून शाळेकडे निघालेली आजी दिसली की समजायचं, आज 'ग्रँडपेरेंट्स डे'!

जुलैतच का? २६ जुलै हा संत योआकिम आणि संत आना यांचा सण. ख्रिस्ती परंपरेत हे मारियेचे आईवडील, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. म्हणून कॅथलिक शाळा त्याच सुमारास हा दिवस घेतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार जगभरच्या चर्चसाठी आजी-आजोबांना दिला.

सत्तरीत गंमत अशी की वर्गात येणाऱ्या बऱ्याच आज्या हिंदू घरांतल्या. एक आजी तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याच्या रानभाजीची, जुडी घेऊन आलेली पाहिली. कोवळं पान कुठलं, जून कुठलं, हे ती पोरांना बोटांनी चाचपायला लावत होती. भाजीत फणसाच्या आठळ्या घालायच्या, हेही सांगून झालं. टीचर इंग्रजीत विचारायची, नातू कोकणीत सांगायचा, आजी मराठीत उत्तर द्यायची. नंतरची भाषणं लांबली, पोरं पेंगली. जुडीभोवती मात्र एकही हललं नव्हतं.

यंदा शाळेची चिठ्ठी आली तर आजीला रिकाम्या हाताने पाठवू नका. परसातलं काहीतरी सोबत द्या.