आधी निगेटिव्ह

सकाळी ७:५०. नारायणगाव. हायवेला लागून पत्र्याची शेड. मिस्त्री शटर वर करतात. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे चिमटे पोऱ्या काढतो. त्याला दिवसाचे तीनशे आणि दुपारचं जेवण.

८:२०. पिकअप ढकलतच येते. मागे दोघे, ड्रायव्हर दाराशी, एक हात स्टिअरिंगवर. पंधरा वर्षांची डिझेल गाडी, हौद्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट.

"सेल्फच घेत नाही हो. बॅटरी आत्ता नवी टाकली. साडेसहा हजार गेले."

गेले काही दिवस तो गाडी उतारावरच उभी करतो. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की चालू होते. शेतात माल भरताना इंजिन बंदच करत नाही. डिझेल जळतं ते वेगळं.

८:३०. चावी फिरते. टक्. पुन्हा टक्. डॅशबोर्डचे दिवे तसेच लख्ख. मिस्त्री बोनेटखाली वाकतात, मीटरच्या दोन्ही टोच्या बॅटरीला लावतात. १२.६.

"मारा सेल्फ."

१२.३. बॅटरी दमलेली असती तर आकडा नऊच्या खाली आला असता. म्हणजे जुनीही बहुधा चांगलीच होती. मिस्त्री हे बोलत नाहीत. ड्रायव्हर आकड्याकडे बघत राहतो, मीही.

आता काळी टोची बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "मारा." ७.४. इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. करंट सेल्फपर्यंत पोचतो, परत यायला वाट नाही. मिस्त्री पोऱ्याला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगतात. तो हात झटकतो. गरम! मोठी वाट बंद, म्हणून करंट त्या बारीक तारेतून घुसतोय.

खात्रीसाठी जम्पर केबल. एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. सेल्फ घर्रकन फिरतो आणि गाडी चालू. ड्रायव्हर हसतो. मिस्त्री लगेच बंद करायला लावतात. काम अजून व्हायचंय.

९:०५. पोऱ्या दहाचा पाना लाल टर्मिनलला लावतो.

"ए, आधी निगेटिव्ह!"

निगेटिव्ह जोडलेली असताना लाल खोलायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, की सगळी बॅटरी पान्यातून जाते. त्याच पान्याच्या दांड्यावर वितळल्याची जुनी खाच आहे. कोणाची, ते विचारल्यावर मिस्त्री नुसते हसले.

९:१५. गाडीखाली गोणपाट. गिअरबॉक्सपासून चेसीला गेलेली अर्थिंगची पट्टी, तांब्याच्या तारांची वेणी. वरून धड, वाकवली की आत हिरवी भुकटी. चेसीकडचा बोल्ट गंजून बसलाय. डिझेल सोडतात, थांबतात, ठोकतात. पुन्हा डिझेल. शेवटी पान्यात पाइप घालून दोघे जोर लावतात. करकरत सुटतो.

मग घासणं. पॉलिश पेपरने चेसीवरची रुपयाएवढी जागा, रंग आणि गंज जाऊन लोखंड पांढरं होईपर्यंत. अर्धा तास यातच जातो. खरं काम हेच, आणि बिलात याला नाव नाही.

१०:००. जाड केबल मापून कापली, दोन्ही टोकांना लग, वर डाग. बोल्ट आवळून ग्रीस.

१०:२०. एका चावीत चालू. केबल आणि लगचे २८०, मजुरी २५०.

"एका वायरीचे पाचशे तीस?"

"पाचशे द्या, भाऊ."

"बॅटरी परत घेतील का हो?"

"वापरलेली कोण घेतंय?"

११:०० ते ३:३०. ट्रॅक्टरचा सेल्फ टेबलावर. कार्बन झिजून स्प्रिंगपर्यंत आलेत, बुशही ढिला. मध्ये भाकरी, मटकीची उसळ, आणि दोन फोन: "बॅटरी केवढ्याला पडेल?" दोघांनाही तेच उत्तर, गाडी घेऊन या.

५:००. एका टेम्पोचा फ्यूज. दहा रुपये. मजुरी घेत नाहीत, गिऱ्हाईक रोजचं आहे.

७:४०. पिकअपची जुनी पट्टी तांब्याच्या पोत्यात जाते, भंगारवाला किलोवर नेतो. पोऱ्याचे तीनशे हातावर. ट्रॅक्टरच्या सेल्फला बुश मिळाला नाही, तो उद्या मंचरहून आणायचा. ट्रॅक्टरवाल्याला सकाळी सहाला हवा होता. मिस्त्री त्याला फोन लावतात, तो उचलत नाही.