कटरचं गार्ड कोण काढतं?

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावांत हे दोन महिने डागडुजीचे. किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या बोटींच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, गंजलेले बोल्ट कापायचे, फायबरचा जुना थर खरवडून नवा चढवायचा. एकेकाळी करवत, वाकस आणि छिन्नीने होणारं हे काम आता बरंचसं चार इंची ग्राइंडरवर होतं. सगळे त्याला सरसकट ‘कटर’ म्हणतात. दोन-तीन हजारांत मिळणारं, एका हातात मावणारं यंत्र. बोर्डात पिन घातली की सुरू. नव्या मशीनबरोबर चकतीभोवतीचं लोखंडी कवच, म्हणजे गार्ड, येतं खरं. पण कामाला लागलेल्या मशीनवर ते फार दिवस टिकत नाही. अपघात झाला की ‘निष्काळजीपणा’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निदानाचा आळस वाटतो. गार्ड मिस्त्रीच्या बेफिकिरीमुळे निघतं त्यापेक्षा जास्त वेळा ते कामाच्या सोयीसाठी निघतं, आणि ही सोय मशीन विकत घेणाऱ्याने ठरवलेली असते.

ती कशी, हे चकतीच्या हिशेबातून कळतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. चकतीचा परीघ सव्वाएकतीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिची कड ताशी सुमारे २०० किलोमीटरने धावते. डहाणू रोड स्थानकातून जाणारी कुठलीही गाडी एवढ्या वेगाने जात नाही. आता जाड फळी चार इंची चकतीने आरपार कापली जात नाही, म्हणून कुणी बुश घालून त्यावर सात इंची चकती चढवतो. ती चार इंची गार्डात बसत नाही, म्हणून गार्ड निघतं. पण सात इंची चकतीवर कमाल वेग साधारण ८,५०० फेरे असा छापलेला असतो. तिला ११,००० ने फिरवलं, तर ती ज्या ताणासाठी बनवलेलीच नाही तो ताण तिच्यावर येतो. ती फुटली तर तुकडे अडवायला गार्ड नाही, आणि समोर माणसाचा चेहरा. म्हणजे चूक गार्ड काढण्याच्या आधीच झालेली असते: सात इंचाचं काम चार इंची मशीनला सांगितलं तेव्हाच.

लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं हा याहून धोकादायक प्रकार, आणि सुतारकामात तो सर्रास दिसतो. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला फळीवर टेकणारा सपाट पाया असतो, दोन मुठी असतात आणि काप संपताच आपोआप खाली येणारं झाकण असतं. ग्राइंडरला यातलं बहुतेक काही नाही. वर अनेक स्वस्त मशीनचं बटण सरकवून अडकवायचं असतं; मशीन हातून निसटलं तरी ते फिरतच राहतं. ओल्या, फुगलेल्या फळीत दाता अडकला किंवा कापाची फट मिटून ब्लेड आवळलं गेलं, की मशीन उसळी मारतं. यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘वीस वर्षं हेच करतोय, हात बसलाय.’ अनुभवाला किंमत आहेच. कुठे दाब द्यायचा आणि फळी कुठे टेकवायची, हे अनुभवच शिकवतो. पण ११,००० फेऱ्यांच्या हिशेबाने ब्लेड सेकंदाला १८० हून अधिक वेळा फिरतं. दचकून हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात ब्लेडचे छत्तीसेक फेरे झालेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. गार्ड लावलं की रेघ दिसत नाही, चष्म्यावर वाफ धरते, जूनच्या उकाड्यात मास्क सोसवत नाही. हे खरंच आहे. पण गार्ड काढायचं नसतं, फिरवून बसवायचं असतं: ठिणग्या आपल्यापासून दूर जातील आणि कवच आपल्या व चकतीच्या मध्ये राहील असं. वाफ न धरणारे चष्मे मिळतात. मास्कबाबत मात्र तडजोड नको. फायबर घासताना उडणारी काचतंतूंची आणि रेझिनची बारीक धूळ तोंडाला बांधलेल्या रुमालाने थांबत नाही. त्यासाठी एन-९५ तरी हवा. (गळ्यातला टॉवेल मात्र काढून ठेवलेलाच बरा, चकती तो क्षणात गुंडाळते.) बोल्ट कापताना डिझेलचा डबा, रेझिन आणि जाळी ठिणग्यांच्या टप्प्यात नसावीत, हे वेगळं सांगायला नको. पावसात ओल्या वाळूवरून वायर ओढायची तर बोर्डावर वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फ्यूज मशीन आणि वायरिंग वाचवतो, माणसाला नाही.

हे सगळं बघायचं कुणी? १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना लगाम बसला. ते योग्यच झालं. पण कारखाना आला नाही तरी कारखान्यातलं यंत्र आलं. त्याच्याबरोबर येणारा सुरक्षा अधिकारी तेवढा आला नाही. कारखान्यांचे नियम कामगारांच्या संख्येवर लागू होतात, आणि बोटीभोवती काम करणारी दोन-तीन माणसं त्या मोजणीत येतच नाहीत. म्हणून जबाबदारी बोटमालकाकडे आणि ठेकेदाराकडे येते. वेगळ्या सॉला आणखी काही हजार लागतात, ही तक्रार बोटीच्या वर्षभराच्या डिझेलखर्चापुढे ठेवून पाहावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी ठरवलं, तर एक सॉ आणि एक आरसीसीबीचा बोर्ड बंदीच्या दोन महिन्यांत अनेक बोटींना पाळीपाळीने वापरता येईल. येत्या जूनच्या आधी संस्थेच्या बैठकीत हा विषय एखाद्या सभासदाने जरूर मांडावा.