लेखांक ५ : ‘राष्ट्रीय आपत्ती’ची मागणी आणि मदतीचे निकष

महापूर आला किंवा दरड कोसळली की दोन-चार दिवसांत ‘ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करा’ अशी मागणी पुढे येते. केरळच्या २०१८ च्या महापुरानंतर ती झाली आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्यावर पुन्हा झाली. मागणी करणारा पक्ष राज्यात कोण आणि केंद्रात कोण यावर तिचा जोर ठरतो. प्रत्यक्षात अशी घोषणा करण्याची तरतूद कायद्यात नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये आपत्तीची व्याख्या आहे, पण ‘राष्ट्रीय’ असा वेगळा दर्जा नाही.

केंद्र फार तर एखादी घटना ‘गंभीर स्वरूपाची आपत्ती’ मानते. वायनाडच्या बाबतीत त्याला डिसेंबर उजाडला. या शिक्क्यामुळे देशातल्या कोणत्याही खासदाराला आपल्या स्थानिक विकास निधीतून त्या भागासाठी कामे सुचवता येतात. निधीची तिजोरी मात्र आपोआप उघडत नाही.

तिजोरीची रचना वेगळीच आहे. पहिला खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून होतो. त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के असतो. ही रक्कम वित्त आयोगाच्या शिफारशीने आधीच ठरलेली असते. त्यामुळे पूर आल्यावर ‘केंद्राने इतके कोटी दिले’ म्हणून ज्या बातम्या झळकतात, त्यांतला बराच भाग हा वार्षिक हप्ताच असतो. राज्याचा निधी अपुरा पडला तर राज्य केंद्राला निवेदन देते, आंतरमंत्रालयीन पथक पाहणी करून जाते आणि गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून रक्कम मंजूर करते. पथक येते तोवर पाणी बहुधा ओसरलेले असते.

या टप्प्यावर खरी रस्सीखेच होते, कारण राज्य मागते तो आकडा झालेल्या नुकसानीचा आणि केंद्र मोजते तो निकषांत बसणारा. कर्नाटकाने २०२३ च्या दुष्काळासाठी १८ हजार कोटींहून अधिक रक्कम मागितली आणि निर्णय लांबल्यावर थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान चालू असताना, सुमारे ३,४५४ कोटी मंजूर झाले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने निकष म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात तो पंचनामा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पण पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात, असे सर्रास होते. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तोही दोन हेक्टरपर्यंत. सोयाबीनचे बियाणे, खत आणि मजुरी यांचा हिशेब मांडणाऱ्याला ही भरपाई वाटणार नाही. शासनाच्या लेखीही ती भरपाई नव्हे, मदत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि इतर नद्यांच्या पुराने मराठवाडा व सोलापूर भागात पिकांबरोबर मातीही वाहून गेली. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी त्या वेळी गाजली. नियमावलीत तशी तरतूद नसल्याचे सांगून राज्य सरकारने दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज आले. त्यात मर्यादा तीन हेक्टरपर्यंत वाढवली होती, रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये होते आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे होती. केंद्राच्या निकषांपलीकडचा असा भार राज्याला स्वतःच्या तिजोरीतून उचलावा लागतो. पॅकेजच्या एकूण आकड्यात रस्ते, पूल यांसारख्या पायाभूत सुविधांची दुरुस्ती आणि पीकविम्याची अपेक्षित रक्कमही धरलेली असल्याने, त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात थेट किती, यावरून विरोधकांनी लगेच प्रश्न उपस्थित केले.