वेबसाइट संथ चालते? आधी भट्टी विझते का ते पाहा

आजकाल गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाइलवर भाव पाहते. म्हणून अनेक व्यापारी व कारागीर बांधवांनी स्वतःची वेबसाइट काढली आहे. परंतु ती संथ चालू लागली की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, ‘मोठा सर्व्हर घ्या.’ भाडे वाढते, आणि कधीकधी दुखणे तसेच राहते. हे दुखणे नेमके कोठे असते व त्यावर कमी खर्चाचा उपाय कोणता, हे समजून घेणे आवश्यक आहे.

समजा, साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथे एका लोहाराची भट्टी आहे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी विळे, खुरपी, कुऱ्हाडी घेऊन रांगेत बसले आहेत. एका खुरप्याचे काम पाच मिनिटांचे. पण लोहाराने प्रत्येक खुरप्यानंतर भट्टी विझवली आणि पुढच्यासाठी पुन्हा कोळसा भरून, भाता मारून पेटवली, तर काय होईल? दिवस पेटवण्यातच जाईल आणि गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाईल. कोणताही शहाणा कारागीर असे करणार नाही. मात्र वेबसाइटचा सर्व्हर पुष्कळदा हेच करतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

वेबसाइटवर दोन प्रकारची पाने असतात. दुकानाचा पत्ता, मालाची छायाचित्रे ही तयार पाने. आजचा हळदीचा भाव, शिल्लक माल, गिऱ्हाइकाचे बिल ही मागणी आल्यावर ताजी बनणारी पाने. ताजे पान बनवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत सर्व्हरकडून स्क्रिप्ट चालवून घेण्याची पद्धत निघाली. तिला सीजीआय म्हणतात. या पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर नवी प्रोसेस सुरू करतो, म्हणजे जणू नवा कामगार बोलावतो. मग स्क्रिप्टची भाषा समजणारा प्रोग्राम उघडायचा, स्क्रिप्ट वाचायची, मालाच्या नोंदी जेथे असतात त्या डेटाबेसशी जोडणी करायची आणि त्यानंतर खरे काम. काम होताच सारे बंद. पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा पहिल्यापासून.

गिऱ्हाइके थोडी होती तोवर हे चालून गेले. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतरच्याच वर्षी, १९९६ मध्ये, दोन उपाय पुढे आले. ओपन मार्केट या अमेरिकन कंपनीने फास्टसीजीआय आणले. त्यात स्क्रिप्ट एकदाच सुरू होते आणि काम संपल्यावर न जाता पुढच्या मागणीची वाट पाहत बसते. दुसरा उपाय मॉड-पर्ल. त्यात पर्ल ही भाषाच अपाचे या सर्व्हरच्या पोटात बसवली गेली. पुढे पीएचपी या लोकप्रिय भाषेत २०१० साली ५.३.३ या आवृत्तीपासून पीएचपी-एफपीएम ही सोय आली. २०१३ च्या ५.५ या आवृत्तीत ऑपकॅश आले. ते एकदा वाचून तयार केलेली स्क्रिप्ट स्मरणात ठेवते.

फायदा हिशेबाने पाहू. उदाहरणादाखल धरा की तयारीला ३०० मिलिसेकंद आणि प्रत्यक्ष कामाला ५० मिलिसेकंद लागतात. दर वेळी भट्टी पेटवणारा एक कामगार सेकंदाला जेमतेम ३ मागण्या उरकेल. भट्टी पेटती ठेवली तर तोच कामगार २० उरकेल. यंत्र तेच, भाडेही तेच.

मात्र आधी रोग ओळखावा. दुकानाच्या पत्त्याचे साधे पान चटकन उघडते आणि भावाचे वा बिलाचे पान रखडते, तर दोष बहुधा स्क्रिप्टच्या किंवा डेटाबेसच्या बाजूला आहे. सगळीच पाने रखडत असतील तर मोठमोठी छायाचित्रे किंवा कमजोर नेटवर्क हे कारण असू शकते. तेथे हा उपाय कामाचा नाही.

भट्टी पेटती ठेवायची तर राखणही करावी लागते. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कामगारांची संख्या. थांबून राहिलेला प्रत्येक कामगार मेमरी अडवतो. १,००० एमबी मोकळी असेल आणि प्रत्येकाला ५० एमबी लागत असतील, तर २० पेक्षा जास्त ठेवू नयेत. जास्त ठेवल्यास सर्व्हर आणखी संथ होतो.

दुसरी, विश्रांती. काही स्क्रिप्टा हळूहळू जास्त मेमरी धरतात. म्हणून ठराविक, समजा ५०० मागण्यांनंतर, कामगार बदलण्याची व्यवस्था ठेवावी.

तिसरी, बदल केल्यावर पुन्हा सुरू करणे. स्मरणात जुनी स्क्रिप्ट असेल, तर दुरुस्ती करूनही जुनाच हिशेब चालू राहू शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पर्ल, पायथॉन अशा भाषांत जागा राहिलेला कामगार आधीच्या गिऱ्हाइकाची माहिती विसरेलच असे नाही. स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहिली असेल, तर एकाचे नाव व उधारी दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू शकते. पीएचपी-एफपीएममध्ये प्रत्येक मागणीनंतर स्क्रिप्टमधील माहिती पुसली जाते, म्हणून हा धोका तेथे पुष्कळ कमी. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याजवळची अमानत आहे. वेगापायी ती उघडी पडता कामा नये.

म्हणून मोठ्या सर्व्हरचे पैसे भरण्याआधी वेबसाइट बनवणाऱ्याला विचारा : स्क्रिप्ट दर मागणीला नव्याने सुरू होते की चालू राहते? ऑपकॅश लावले आहे का? कामगार किती, आणि ते कधी बदलतात? एका गिऱ्हाइकाची माहिती दुसऱ्याला दिसणार नाही, हे तपासले आहे का? अनेकांच्या वेबसाइट एकाच सर्व्हरवर असतील तर ही व्यवस्था बहुधा सर्व्हर देणाऱ्याच्या हाती असते; त्याच्याकडून उत्तर मागवून घ्या.

ही उत्तरे समाधानकारक असूनही गर्दी आवरत नसेल, तर मोठा सर्व्हर अवश्य घ्यावा. पण भट्टी दर वेळी विझत असेल, तर ती मोठी करून उपयोग नाही.